हायक्यूचा तिसरा सीझन: एक मॅच, दहा भाग

'हायक्यू' या व्हॉलीबॉलवरच्या ॲनिमेने, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेने, एकाच मॅचवर दहा भाग काढलेत आणि त्यातला एकही भाग ओढूनताणून आणलेला वाटत नाही. परीक्षण म्हणून एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी माझी हरकत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते ॲनिमेबद्दलच्या त्या जुन्या तक्रारीवर आहे, जी ॲनिमे न बघणारे कायम करतात आणि बघणारे कौतुकाने करतात: 'अगं, तो बॉल किती वेळ हवेत ठेवणारेत?'

मी शाळेत पी.टी. शिकवते. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मातीचं ग्राउंड, दोन लोखंडी खांब आणि मधे नेट. कॉलेजात असताना लिबेरो, म्हणजे मागे राहून फक्त बॉल उचलणारी, म्हणून खेळले, कारण पाच फूट एक इंच उंचीच्या मुलीला नेटजवळ कोणी उभं करत नाही. ॲनिमेचा नाद मात्र व्हॉलीबॉलच्याही आधीचा. शाळेतून आल्यावर टीव्हीवर ड्रॅगन बॉल झी लागायचं, आणि नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असं सांगून ती पाच मिनिटं कित्येक संध्याकाळी चालली, हे माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. आजी विचारायची, 'फुटला का गं तो?' नाही फुटला आजी, अजून ओरडतायत.

त्यामुळे आमच्या टीमच्या मुली जेव्हा 'मॅडम, हायक्यू बघितलं का?' म्हणत मागे लागल्या, तेव्हा मनात म्हटलं, आता व्हॉलीबॉलमध्येही ओरडतील. ओरडतातच. पण ते पुढे.

आधी माहिती. हारुइची फुरुदाते यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०१२ ते २०२० या काळात 'शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकात चालली, तिचे ४५ खंड झाले. २०१४ पासून प्रॉडक्शन आय. जी. या स्टुडिओने तिचं ॲनिमे केलं. पहिले दोन सीझन २५-२५ भागांचे. तिसरा २०१६च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमधला, फक्त दहा भागांचा. दिग्दर्शक तिन्ही सीझनला सुसुमु मित्सुनाका. गोष्ट मियागी प्रांतातल्या कारासुनो नावाच्या शाळेची. कधीकाळी नाव असलेली, मग घसरलेली टीम. ती या सीझनमध्ये प्रांताच्या फायनलला शिराटोरिझावा या दादा शाळेसमोर उभी आहे. जिंकेल ती राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. बस. प्रेमप्रकरण नाही, खून नाही, वर्गातला सीनसुद्धा जेमतेम.

आता ठरलेल्या गोष्टींची हजेरी घेऊ. ॲनिमेत नायक खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो, आईवडील कुठल्यातरी कामानिमित्त कायम गायब असतात, शाळेच्या विद्यार्थी मंडळाला जिल्हाधिकाऱ्यापेक्षा जास्त अधिकार असतात, चष्म्याची काच चमकली की समजायचं हा हुशार आहे, आणि उशिरा निघालेली मुलगी तोंडात ब्रेडचा तुकडा धरून धावते. खेळाच्या ॲनिमेची यादी वेगळी. बुटका पण उड्या मारणारा नायक. त्याच्याच टीममधला, त्याच्याशी पटत नसलेला अलौकिक गुणवत्तेचा मुलगा. उन्हाळी शिबिर. जुना, खडूस कोच. समोरच्या टीममधला एक अजिंक्य आणि एक विचित्र. गॅलरीत बसून प्रत्येक चाल समजावून सांगणारे दोघे. आणि ऐन स्मॅश मारताना आठवणारं बालपण. हायक्यूत हे सगळं आहे, एकही राहिलेलं नाही. हिनाता बुटका, कागेयामा अलौकिक, उशिजिमा अजिंक्य, तेन्दो विचित्र. केसांच्या रंगावरूनही ओळखू येतात.

तरी मला राग का आला नाही, याचं कारण शोधायला मी तो सीझन पुन्हा बघितला, या वेळी हातात वही घेऊन. पी.टी.च्या शिक्षकाची खोड, दुसरं काय.

हिशोब असा. ताशी शंभर किलोमीटर वेगाने मारलेला स्मॅश नऊ मीटरचं अंतर साधारण एक तृतीयांश सेकंदात कापतो. ॲनिमेत तेवढ्या वेळात लिबेरोच्या मनात चार वाक्यं येतात, बेंचवरचा एक जण श्वास रोखतो, गॅलरीतली एक जण मुठी आवळते. म्हणजे ताणलंय, यात वाद नाही. पण दुसऱ्या बाजूने बघा. पाच सेटची मॅच. दुसरा सेट ड्यूसमध्ये, म्हणजे दोन पॉइंटची आघाडी मिळेपर्यंत खेळण्यात, जाऊन लांबत लांबत जातो, पाचवा पंधरावर संपायचा तो पंधराच्या पुष्कळ पुढे जातो. सगळ्या मिळून दोनशेच्या वर रॅली झाल्या असणार. दहा भागांतून सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं काढलं तर उरतात सुमारे सव्वातीन तास. खरी मॅच एवढी चुरशीची झाली तर अडीच तास सहज घेते. म्हणजे एकूण वेळ फारसा फुगवलेला नाहीच! मग झालंय काय? बहुतेक पॉइंट गाळलेत. स्कोअरबोर्डवर आकडे पलटतात, दोनतीन फटके झरझर दिसतात, आणि एकदम सोळा-वीस. जो वेळ वाचला तो सगळा मोजक्या रॅलींवर ओतलाय.

आणि खेळाडूला मॅच आठवते ती अशीच. मला विद्यापीठाची आमची सेमीफायनल आठवते, त्यातले सहासात पॉइंट आठवतात, पण ते असे आठवतात की समोरच्या स्मॅशरच्या कोपरावरची पट्टीसुद्धा सांगू शकेन. बाकीचे शंभर-दीडशे पॉइंट कुठे गेले कोणास ठाऊक. फुरुदाते स्वतः शाळेत व्हॉलीबॉल खेळलेले आहेत. बाहेर बसून गोष्ट रचणाऱ्याला मॅच घड्याळाप्रमाणे दिसते, आत उभं राहिलेल्याला अशी.

बॉल हवेत ठेवायची सवय ॲनिमेला लागली त्यामागे खर्चाचंही गणित आहे, तेही सांगते. १९६३ साली ओसामु तेझुकांच्या 'ॲस्ट्रो बॉय'पासून जपानमध्ये दर आठवड्याला अर्ध्या तासाचं ॲनिमेशन द्यायची पद्धत रुळली. पैसे कमी, माणसं कमी. मग चित्रं वाचवायची. चेहरा स्थिर, ओठ तेवढे हलतात. एकच मोठं चित्र आणि कॅमेरा त्यावरून सरकतो. माणूस उडी मारून हवेत थांबतो आणि मनातल्या मनात बोलतो. शिवाय साप्ताहिकात मांगा चालू असताना ॲनिमे तिच्या पुढे निघून जाऊ नये म्हणूनही पाणी घालायला लागतं. नामेकची पाच मिनिटं त्यातलीच. हायक्यूच्या या सीझनला मात्र ती अडचण नव्हती. मांगातली ही मॅच केव्हाच संपली होती, आणि चाळीसेक प्रकरणांचा मजकूर या दहा भागांत बसवलाय. म्हणजे थांबलाय तिथे मुद्दाम थांबलाय.

चौथा भाग घ्या. मला विचाराल तर सगळ्या मालिकेतला हा सगळ्यात चांगला भाग, आणि तो नायकाचा नाहीच. कारासुनोत त्सुकिशिमा नावाचा उंच, चष्मेवाला, कायम कंटाळलेला मुलगा आहे. 'शेवटी हा शाळेतला एक क्लबच तर आहे' अशी त्याची भूमिका. दर वर्षी माझ्या टीममध्ये अशी एक मुलगी असते, अंगात सगळं असून अंग चोरणारी. तर हा त्सुकिशिमा मिडल ब्लॉकर, नेटच्या मधोमध उभं राहून स्मॅश अडवणारा. समोर उशिजिमा, डावखुरा, सव्वासहा फुटांच्या आसपास. डावखुऱ्याच्या बॉलची फिरकी उलटी असल्यामुळे माझ्यासारखाच लिबेरो असलेला कारासुनोचा निशिनोयासुद्धा सुरुवातीला चुकतो. बॉल हाताला लागून भलतीकडे जातो. मग तो उभं राहायची जागा बदलतो, हाताचा कोन बदलतो, आणि उचलतो. हे काही सेकंदांचं दृश्य मी मुलींना मोबाइलवर तीन वेळा दाखवलं. लिबेरो म्हणजे आडवं पडून बॉल काढणारा एवढीच सगळ्यांची समजूत. खरं काम बॉल येण्याच्या आधी पायांनी होतं.

त्सुकिशिमाचं काम तर आणखी गुंतागुंतीचं. तो सुरुवातीपासून उशिजिमाला अडवायला जातच नाही. सरळ रेषेचा फटका बंद करतो आणि तिरका मुद्दाम उघडा ठेवतो, कारण तिरक्याच्या वाटेवर निशिनोया उभा आहे. ब्लॉकर आणि लिबेरोने मिळून लावलेला सापळा. ही गोष्ट मी मुलींना वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून सांगत आलेय. मग पूर्ण सेटभर तो समोरच्या लिफ्टरला, म्हणजे स्मॅशसाठी बॉल चढवून देणाऱ्या शिराबूला, त्रास देत राहतो. पॉइंट मिळत नाही, पण प्रत्येक वेळी बोटं लागतात, प्रत्येक वेळी उशीर न करता हात तिथे येतात. शिराबू आतून चिडत जातो. आणि ड्यूसच्या शेवटी त्याची लिफ्ट जराशी, अगदी जराशी बिघडते. प्रेक्षकाला ती बिघडलेली दिसतही नाही. त्सुकिशिमाला दिसते. तो उडी मारायला क्षणभर थांबतो. बाकीचे सगळे आधी उडतात, हा उशिरा.

तिथे सगळं थांबतं. आणि मग बॉल शिराटोरिझावाच्या कोर्टात पडतो आणि हा कायम कंटाळलेला मुलगा मूठ आवळून ओरडतो.

दुसऱ्या सीझनमधल्या शिबिरात बोकुतो नावाच्या दुसऱ्या शाळेच्या खेळाडूने त्याला सांगितलेलं असतं की व्हॉलीबॉल तुला आवडतो की नाही हे 'तो क्षण' आल्यावर कळेल. शिबिराचे भाग बघताना ते मला ॲनिमेतलं नेहमीचं गुरुवाक्य वाटलं होतं, पुढे सरकवावं असं. त्याची वसुली इतक्या भागांनंतर, तिसऱ्या सीझनमध्ये, अशी होते. ओरडण्याबद्दल माझी जी तक्रार होती ती इथे मिटली. पन्नासेक भाग न ओरडलेला माणूस ओरडला की तो ओरडा ऐकू येतो.

ऐन वेळी भूतकाळात जायची खोड मात्र सगळ्यांना एकसारखी झेपलेली नाही. आपल्याकडे कीर्तनकार द्रौपदीच्या वस्त्राला हात लागल्यावर नेमका थांबतो, टाळ वाजतात, आणि तो भलत्याच गावच्या भलत्याच सावकाराचा दृष्टान्त सुरू करतो. चांगला कीर्तनकार असेल तर दृष्टान्त संपताना तुम्ही सभेत परत येता तेव्हा आधीपेक्षा जास्त घाबरलेले असता, आणि वाईट असेल तर घड्याळ बघता. तेन्दोचा दृष्टान्त पहिल्या जातीचा. हा लाल केसांचा, डोळे विस्फारलेला मिडल ब्लॉकर. लिफ्टर कुठे देणार याचा नुसता अंदाज बांधून आधीच उडी मारतो. लहानपणी इतर मुलं त्याला राक्षस म्हणायची, खेळायला घ्यायची नाहीत. तेवढंच दाखवतात, पटकन, आणि परत कोर्टवर. मग तो ब्लॉक मारल्यावर समोरच्यांची मनं मोडायचं गाणं गुणगुणतो तेव्हा हसू येत नाही. शिराटोरिझावातल्या काही इतरांच्या आठवणी मात्र दुसऱ्या जातीच्या. कळलं बाबा, तुला स्मॅश मारायला आवडतं, मार.

तेन्दो आणि त्सुकिशिमा समोरासमोर ठेवणं हे या सीझनचं डोकं आहे. तेन्दो अंदाजावर उडतो, त्सुकिशिमा बॉल लिफ्टरच्या हातातून सुटल्यावर बघून उडतो. दोन्ही ब्लॉकिंगच्या खऱ्या पद्धती आहेत, दोन्हींचे तोटे आहेत. बरोबर कोण, हे मालिका सांगत बसत नाही. माझ्या मते शाळकरी टीमला दुसरी पद्धतच शिकवावी, तेन्दोसारखी नाकं सगळ्यांना नसतात. पण आमच्या टीममधल्या एकीने तेन्दो बघून आल्यावर सलग तीन प्रॅक्टिसला अंदाजाने उड्या मारल्या. बोलून उपयोग नाही, उतरेल आपोआप.

गॅलरीतून समजावून सांगणाऱ्यांचा मला पूर्वी फार वैताग यायचा. 'हा तर सिंक्रोनाइज्ड अटॅक!' असं एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने 'म्हणजे काय?' विचारायचं. इथेही कोच उकाई आणि ताकेदा सर ही जोडी तेच करते. ताकेदा सर टीमचे शिक्षक, व्हॉलीबॉलमधलं काही कळत नाही. म्हणून ते विचारतात आणि आपल्याला कळतं. युक्ती उघड आहे. पण ताकेदा सर मला या सगळ्या पात्रांत सर्वात जास्त आवडतात, त्याचं कारण कोर्टवर नाही. पहिल्या सीझनमध्ये हे गृहस्थ टीमला प्रॅक्टिस मॅच मिळावी म्हणून फोन करतात, पुढ्यात जाऊन वाकतात, नकार घेतात, परत जातात. मुलींना स्पर्धेला न्यायचं म्हणजे पालकांच्या सह्या, वयाचे दाखले, एसटीचं वेळापत्रक, एखादीच्या वडिलांची 'एवढ्या लांब कशाला' ही बोलणी. हे काम कुठल्याही खेळाच्या सिनेमात दिसत नाही. इथे दिसतं. उकाईंचा आवाज देणारे काझुनारी तानाका हा सीझन टीव्हीवर सुरू झाला त्याच महिन्यात वारले. हे माहीत असलं की पहिल्या भागांमधला तो घोगरा आवाज वेगळा लागतो.

आता दहावी-बारावी. ॲनिमेतली शाळा म्हणजे अभ्यास कुठेच नाही, ही आणखी एक नेहमीची गंमत. हायक्यूत तो आहे, पडद्याआड. स्प्रिंग हायस्कूल म्हणून ओळखली जाणारी राष्ट्रीय स्पर्धा जानेवारीत असते, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या कॉलेज प्रवेशपरीक्षांचा काळही तोच. त्यामुळे बरेच जण उन्हाळ्यातच खेळ सोडतात. कारासुनोचे तीन सीनियर, दाइची, सुगावारा आणि आसाही, टीममध्येच राहायचं ठरवतात. ही फायनल हरली तर त्यांचं शाळेतलं व्हॉलीबॉल त्या दुपारीच संपणार. हे कोणी भाषण करून सांगत नाही. आमच्याकडे जानेवारी आली की 'मॅडम, क्लास आहे' सुरू होतं आणि चांगली लिफ्टर हातातून जाते. त्यामुळे मला ते सांगायची गरजही नव्हती.

उंचीबद्दल बोलायला मला कोणी थांबवू नये. हिनाता पाच फूट चार इंचांच्या आसपास. पुरुषांचं नेट २.४३ मीटर. बुटक्या नायकाने उंच लोकांना हरवणं ही ॲनिमेतली सगळ्यात घासलेली गोष्ट, आणि हायक्यूने ती घासली नाही असं मी म्हणणार नाही. पण शिराटोरिझावाच्या कोचचं पात्र त्यात मीठ टाकतं. वाशिजो. म्हातारा, करडा, बसल्या जागी किंचाळणारा. उंच आणि ताकदवान खेळाडूच हवेत, बाकी सगळं दुय्यम, असं त्याचं मत. आणि तो स्वतः बुटका खेळाडू होता. शेवटच्या भागात हे समोर येतं तेव्हा बाकीच्या मालिकांत असतो तसा पश्चात्तापाचा सीन येत नाही. त्याला हिनाताचा राग येतो, कारण हिनाता जिंकला तर त्याने आयुष्यभर जे मान्य केलं ते खोटं पडणार. हिनाताच्या बाजूने बघणारी मी, या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. निवड चाचणीत उंचीच्या पट्टीजवळ उभे असलेले असे सर आणि मॅडम मी पुष्कळ बघितलेत. आता मीही त्या पट्टीजवळ उभी असते. मॅच संपल्यावर तो आपल्या टीमला काय सांगतो? परत गेल्यावर प्रत्येकी शंभर सर्व्हिस. बरोबर सांगतो.

आता मोठी तक्रार. मुली कुठायत?

कियोको आणि याची नावाच्या दोघी मॅनेजर. पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, वही. कियोको दिसली की टीममधले तानाका आणि निशिनोया देवी प्रकट झाल्यासारखे लोळण घेतात आणि ती शांतपणे दुर्लक्ष करते. हा विनोद पहिल्या सीझनपासून चालू आहे आणि मला पहिल्या सीझनपासून हसू आलेलं नाही. मुलगी दिसली की मुलाच्या नाकातून रक्त येणारी जुनी ॲनिमे बघितलीत तर हा त्याचाच सोवळा अवतार आहे. कारासुनोला मुलींचीही टीम आहे, तिची कर्णधार मिचिमिया अधूनमधून दिसते, तिची टीम लवकर हरते, संपलं. पन्नास-साठ भागांत मुलींच्या खेळाला मिनिटांच्या हिशोबात जागा मिळते. मी पुरुषांच्या टीमची गोष्ट लिहू नका म्हणत नाहीये. पण हा देश कोणता?

जपानला व्हॉलीबॉलचं वेड लावलं ते बायकांनी. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकला व्हॉलीबॉल पहिल्यांदा आलं, आणि २३ ऑक्टोबरला जपानी महिलांनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्ण घेतलं. ती मॅच टीव्हीवर बघणाऱ्यांचा आकडा ६६.८ टक्के होता. त्या टीममधल्या बहुतेक मुली कापडगिरणीच्या, ओसाकाजवळच्या काइझुकाच्या निचिबो टीममधल्या. दिवसा काम, मग रात्री उशिरापर्यंत प्रॅक्टिस. कोच हिरोबुमी दाइमात्सु. बॉलसाठी झेप घ्यायची, उचलायचा, खांद्यावरून लोळायचं आणि त्याच झोकात उभं राहायचं, ही गोल लोळण त्यांनी घडवली आणि तीच त्यांची ओळख झाली. हायक्यूत निशिनोया 'रोलिंग थंडर' असं ओरडून जी लोळण घेतो आणि सगळे हसतात, तिचं मूळ तिथे. १९६९ साली आलेलं 'अटॅक नंबर वन' हे मुलींच्या व्हॉलीबॉलवरचं ॲनिमे तर १०४ भाग चाललं. म्हणजे चाल घेतली, वारसा घेतला, आणि मुलींच्या हातात दिली बाटली. लिबेरो म्हणून हे मला लागलं, आणि लागायलाच हवं. आमच्या टीमच्या मुलींना मी ही माहिती सांगितली तेव्हा एक म्हणाली, 'मॅडम, मग त्यांच्यावर का नाही काढत?' विचारायचा प्रश्न आहे.

तांत्रिक बाजू. पायांची हालचाल इतकी अचूक काढलेलं खेळाचं ॲनिमे मी दुसरं बघितलेलं नाही. स्मॅशआधीची पावलं, शेवटचं लांब पाऊल, हात मागे. चित्रातून धडा देता येतो. आवाजही भारी: लाकडी फ्लोअरवर बुटांचा चीं-चीं, बॉल हाताला लागल्याचा वेगळा, जमिनीला लागल्याचा वेगळा. मातीवर खेळणाऱ्यांना तो बुटांचा आवाज ऐकून जरा असूया वाटते. पाचव्या-सहाव्या भागात मधेमधे स्थिर चित्रं जास्त होतात, गर्दी पुठ्ठ्याची वाटते. हातचं राखून शेवटच्या भागासाठी ठेवलंय हे कळतं, आणि शेवटच्या भागात ते दिसतंही. युकी हायाशी आणि आसामी ताचिबाना यांचं संगीत चांगलं आहे, फक्त कधीकधी ते मला आधीच सांगतं की आता पॉइंट होणार. गप्प बसलं असतं तर बरं.

आणि एक गोष्ट बघून अंगावर काटा येतो, पण वाईट अर्थाने. त्सुकिशिमाच्या हाताला उशिजिमाचा बॉल लागून बोट दुखावतं. उपचार करून, बोटं बांधून तो परत येतो आणि खेळतो. जखमी वीर परत येणे, ही ॲनिमेची आणखी एक आवडती रीत. गोष्टीत टाळ्या वाजतात. माझ्या मुलींनी असं केलं तर मी त्यांना बेंचवर बसवेन आणि घरी फोन करेन. बघताना एवढं लहान मुलांना सांगा.

कोणी बघावं? व्हॉलीबॉल खेळलेल्यांनी नक्की. आपल्याकडे शूटिंग व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांना नियम वेगळे वाटतील, तीन टचची ही स्मॅशिंगची दुनिया आहे, पण नेटसमोरची खुन्नस तीच. खेळ न कळणाऱ्यांनीही बघावं, ताकेदा सर आहेत. ज्यांना ॲनिमे म्हणजे नुसतं ओरडणं वाटतं त्यांनी मात्र इथून सुरुवात करू नये. ॲपवर हा सीझन वेगळ्या नावाने, दोन शाळांच्या नावांनी दिसतो, म्हणून चुकून लोक थेट इथे येतात आणि विचारतात हा चष्मेवाला एवढा का ओरडला. पहिले दोन सीझन बघा. घाई असेल तर पहिल्यातला आओबा जोसाई या शाळेविरुद्धचा सामना आणि दुसऱ्यातलं शिबिर, एवढं तरी बघाच.

पुढचा, २०२०चा चौथा सीझन चित्रांच्या बाबतीत मला फिका वाटला. २०२४ साली आलेला ८५ मिनिटांचा सिनेमा, नेकोमा या शाळेविरुद्धची मॅच, त्याची शेवटची रॅली एका खेळाडूच्या डोळ्यांतून दाखवलीय: धाप, घाम, बॉल डोक्यावर. तिथे बॉल हवेत थांबत नाही. वेग खरा आहे, आणि बघताना माझे हात आपोआप पुढे आले. त्यावर वेगळं लिहायचंय, पण आधी जिल्हास्तरीय स्पर्धा उरकू देत.